आवडत्या लेखाची तळटीप



आम्ही मुंबईत एस.एस.सी.ला बसलो तेव्हा उत्तरपत्रिकेवर नाव लिहावयाचे नसे, फक्त बैठक क्रमांक. मुलगा कोणाचा, कोणत्या शाळेचा, हे तपासणाऱ्याला कळू नये हा हेतू. पुढे इस्राएलात येऊन इतिहास शिकविला, बगरूतचे पेपर तपासले, तेव्हा एका पेपराला दोन परीक्षक असत. एवढ्यावरून आमची समजूत झाली होती की नाव झाकले आणि दोघांनी पाहिले म्हणजे न्याय झाला. ती समजूत किती कच्ची होती ते सांगावयाचे आहे. त्यासाठी थोडे दूर, अमेरिकेकडे, जावे लागेल.

इतिहासाच्या विद्वानांच्या नियतकालिकात लेख कसा छापतात हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. लेख आला की संपादक तो त्या विषयाच्या दोन-चार जाणकारांकडे पाठवितात, बहुधा लेखकाचे नाव काढून. कोणी तपासला हे लेखकालाही कळत नाही. या कामाला सहसा मोबदला नाही. जाणकार पाहतो ते इतकेच की मांडणी पटते का, नवे काही सांगितले आहे का, आधीच्या अभ्यासकांची दखल घेतली आहे का. तळटिपेत ‘अमक्या गावच्या दप्तरखान्यातील अमुक बाड’ असे लिहिले असेल तर तेथे जाऊन ते बाड सोडून पाहणे त्याला बहुधा शक्य नसते. लेखकाने ते पाहिलेच असणार असे धरून तो पुढे जातो. घरच्या वाण्याच्या तराजूकडे आपण तरी रोज कुठे पाहतो?

1996 साली ‘जर्नल ऑफ अमेरिकन हिस्टरी’ या मान्यवर नियतकालिकात मायकेल बेलसाइल्स या प्राध्यापकांचा एक लेख आला. म्हणणे असे की, घरोघरी बंदूक ही अमेरिकेची जुनी परंपरा नव्हेच. अठराव्या शतकात बंदुका थोड्याच घरांत होत्या, त्यांचे प्रस्थ पुढे एकोणिसाव्या शतकात वाढले. आधारांपैकी एक म्हणजे मयताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेच्या सरकारी याद्या. हजारो याद्या चाळल्या, आणि 1765 ते 1790 या काळात शेकडा पंधरांच्याही यादीत बंदूक निघाली नाही, असा त्यांचा हिशेब. लेखाला त्या वर्षीच्या उत्तम लेखाचे बक्षीस मिळाले. 2000 साली त्याचे पुस्तक झाले आणि 2001 मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे बॅन्क्रॉफ्ट पारितोषिक त्याला देण्यात आले.

तराजूकडे पहिल्यांदा पाहिले ते बाहेरच्यांनी. क्लेटन क्रेमर हे संगणकाचे काम करणारे गृहस्थ. इतिहास शिकलेले खरे, पण विद्यापीठात अध्यापक नव्हेत, आणि स्वतः बंदूक बाळगण्याच्या हक्काचे कट्टर पुरस्कर्ते. ते एकेक आधार उघडून पाहू लागले. 1792 च्या मिलिशिया कायद्यात प्रत्येकाने आपली बंदूक आपण आणावी असे आहे. पुस्तकात त्या कायद्याचे म्हणून छापलेले शब्द त्या कायद्याचे नव्हतेच. पुढे जेम्स लिंडग्रेन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी एका सहकाऱ्यासह याद्या पुन्हा मोजल्या. त्यांना पुरुषांच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक याद्यांत बंदुका सापडल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या याद्या पाहिल्या असे बेलसाइल्स सांगत होते, त्या तर 1906 च्या भूकंपात आणि आगीत नष्ट झाल्या होत्या. मूळ टिपणे दाखवा म्हटले तर ती 2000 साली विद्यापीठात नळ फुटून भिजली, असे उत्तर आले.

आता यातला नाजूक भाग. आक्षेप येऊ लागले तेव्हा बेलसाइल्स यांना धमक्याही येऊ लागल्या. ही गोष्ट नीचपणाचीच, आणि अमेरिकन इतिहासकारांच्या संघटनेने 2001 मध्ये ठराव करून तिचा निषेध केला तो योग्यच केला. परंतु धमक्या देणारे आणि तळटीप तपासणारे एकाच बाजूचे दिसत होते, म्हणून दोघांनाही एकाच मापाने मोजण्याचा मोह झाला. बंदुकांचे भक्त ओरडत आहेत, ओरडू द्या! विद्यापीठांतील पुष्कळांना बंदुकांचा तिटकारा. हे पुस्तक त्यांच्या मनातले बोलत होते. अखेर एमरी विद्यापीठाने बाहेरचे तीन इतिहासकार नेमून चौकशी केली. त्यांनी 2002 मध्ये लिहिले की या अभ्यासकाच्या प्रामाणिकपणाविषयीच गंभीर शंका येते. बेलसाइल्स यांनी आरोप मान्य केले नाहीत, पण नोकरी सोडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पारितोषिक काढून घेण्यात आले आणि त्याची रक्कम परत मागण्यात आली.

परीक्षक लबाड होते असे आम्ही म्हणत नाही. लेखकाचे नाव झाकता येते. लेख कोणत्या बाजूचा आहे हे मात्र झाकता येत नाही.

कोणी विचारील, मग काय, हिटलरच्या पाठीराख्यांच्या आक्षेपांनाही आसन द्यावयाचे? कॅलिफोर्नियातून 1980 पासून 2002 पर्यंत एक त्रैमासिकासारखे पत्र निघे, नाव ‘जर्नल ऑफ हिस्टॉरिकल रिव्ह्यू’; संपादक मंडळ, तळटिपा, सारा थाट विद्वानांचा, आणि आत काय, तर ज्यूंचे हत्याकांड झालेच नाही! असल्या लेखनाला छापावयास जागा देणे संपादकाचे कर्तव्य मुळीच नाही. तथापि डेव्हिड आयर्व्हिंग यांनी डेबोरा लिपस्टाट यांच्यावर लंडनला खटला भरला, तेव्हा ‘तो शत्रू आहे’ एवढ्यावर काम भागले नाही. रिचर्ड एव्हान्स या इतिहासकारांनी दोन सहाय्यकांना घेऊन आयर्व्हिंग यांच्या तळटिपा मूळ जर्मन कागदांशी ताडून पाहिल्या आणि सातशे पानांवर अहवाल दिला. 2000 च्या एप्रिलात निकाल लागला तो त्या कागदांच्या बळावर. शत्रूच्या तळटिपा अशा उघडल्या जातात. मित्राच्या कोण उघडतो?

आमचीच गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात आपल्याच समाजाची दोन मुले होती. दोघांनी नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांवर निबंध लिहिले. मुलीने ती सारी कथा पुराव्यानिशी सिद्ध झाल्याचे लिहिले, आणि आधाराला केहिमकरांच्या इतिहासाचे पान दिले. (हा ग्रंथ 1897 मध्ये लिहून झाला आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून होते, हेही आपल्याला ठाऊक असावे.) मुलाने लिहिले की सात जोडप्यांची गोष्ट मागाहून रचलेली असू शकेल. वाचून आमच्या अंगाचा तिळपापड झाला. 1964 पर्यंत ‘तुम्ही खरे यहुदी कशावरून?’ असे या देशात विचारून आपल्या लोकांना किती छळले, ते घराघरांत बोलले जाई, आणि हा पोरगा उठून हे लिहितो! आम्ही दोन दिवस ग्रंथालयात बसून त्याची एकेक टीप तपासली. एका टिपेत पानाचा आकडा चुकला होता. त्याचे गुण कापले.

मुलीला सर्वांत जास्त गुण दिले. केहिमकरांचे पुस्तक आमच्याच कपाटात होते. उठून चार पावले टाकली असती तर हाताला लागले असते.

निवृत्तीनंतर कपाट आवरताना तो जुना निबंध सापडला आणि सहज ते पान काढले. तेथे भलताच मजकूर होता. मागचीपुढची दहा-दहा पाने पाहिली, तिने लिहिलेले वाक्य कुठेच नाही. ती आता दोन मुलांची आई आहे, लोकांना मोठ्या अभिमानाने तो निबंध सांगते. मुलगा दक्षिणेला कुठेतरी राहतो. दोघांचेही फोन नंबर आम्ही मिळविले आहेत. पहिला फोन कोणाला करावा हे अजून ठरत नाही.