आमचा शहाणपणा आणि फियाटचे ब्रेक

आमच्या फियाटला ब्रेक आहेत, ही गोष्ट आमच्या घरात वडिलांखेरीज कुणी कधी पूर्णपणे मान्य केली नव्हती. वडिलांचाही तो विश्वास देवावर असतो तसलाच. मागितलं की लगेच मिळेल असं नाही, आधीपासून आळवणी करत राहायचं. लांबवर चौक दिसला की ते अर्ध्या फर्लांगावरूनच पेडलवर पाय ठेवत, आणि चौक येईपर्यंत गाडी बापडी थांबायच्या विचाराला लागलेली असे.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. १९८१ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पण आमच्याकडे तिला सगळे फियाटच म्हणत. नंबर लावून वडिलांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती की, ती घरी आली तेव्हा तिच्यासाठी राखून ठेवलेल्या जागेत आईचे पापड वाळत होते. वडील गेले आणि गाडी माझ्याकडे आली. तिच्याबरोबर चार चाकांतले चार ड्रमही आले.

ज्यांनी हे ड्रम प्रकरण पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाकाच्या आत पातेल्यासारखा लोखंडी ड्रम चाकाबरोबर फिरत असतो. पेडल दाबलं की आतले दोन शू बाहेर फाकतात आणि त्याला घासतात. फिरतं पातेलं आतून दोन्ही हात टेकून थांबवावं, तसं. घासून पातेलं तापतं, तापलं की फुगतं आणि फुगलं की शूपासून लांब सरकतं. म्हणजे गरज जितकी मोठी तितका ब्रेक लांब! आमच्या काही नातेवाइकांचा स्वभाव हुबेहूब असा आहे. पावसाळ्यात डबक्यातून गेलं की आत पाणी शिरतं, ते वाळेपर्यंत ब्रेक हा नुसता देखावा. डिस्कचं तसं नाही. तिथे उघडी थाळी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. वारा लागतो, पाणी उडून जातं.

पुढच्या चाकांना डिस्क बसवाव्यात असा विचार मी एकदा बोलून दाखवला, तेव्हा जुन्या गाड्यांचे एक रसिक स्नेही कळवळून म्हणाले, "उद्या आजोबांच्या तसबिरीला गॉगल लावशील!"

मी म्हटलं, "अहो, दोन्ही ब्रेक जुळे भाऊ आहेत. लुई रेनोचा ड्रम १९०२ चा आणि लँचेस्टरचं डिस्कचं पेटंटही १९०२ चंच. १९५३ साली ल मांची शर्यत जॅग्वारनं डिस्कवरच मारली."

"असेल. पण तुझ्या गाडीच्या पत्रिकेत ड्रम होता. मूळ रूप ते मूळ रूप!"

पत्रिका निघाली की वाद संपतो. शिवाय खर्चही वाचत होता. तत्त्व आणि बचत एकाच बाजूला आली की बँकेतला कारकून फार तत्त्वनिष्ठ होतो.

मग दोन वर्षांपूर्वी महाबळेश्वरहून येताना पसरणी घाट लागला. खाली धोमचं पाणी चमकत होतं, सौ. 'बघा, बघा' म्हणत होती आणि मी दुसऱ्या गिअरऐवजी तिसऱ्यात, ब्रेकवर पाय ठेवून, बघत होतो. शेवटच्या वळणांवर पेडल खाली गेलं. गेलं ते गेलंच. गाडी काही थांबेना. मी गिअर पाडला, हँडब्रेक ओढला, कुलदैवताला हाक मारली. समोर एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होती. गाडी थांबली तेव्हा भाऱ्यातल्या दोन काड्या बंपरला टेकल्या होत्या.

तिनं मान वळवून आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "म्हातारी हाय व्हय गाडी? ऱ्हाऊ द्या. दमानं चाला." आणि गेली.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी वाईपर्यंत सावरलो असतो. पण त्या रात्री झोप लागेना. मूळ रूप जपण्याचा आनंद सगळा माझा होता आणि जोखीम त्या बाईची. आमच्या बँकेत कर्जाला जामीनदार लागतो, तर त्याची सही घ्यावी लागते. मी तर रस्त्यावरच्या प्रत्येकाला न विचारता जामीनदार करून ठेवलं होतं!

दुसऱ्या आठवड्यात गाडी नाना पेठेत नेली. मिस्त्री म्हणाले, पुढेच डिस्क बसवू, ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागे ड्रम पुरेत. पण सोयरीक सोपी नव्हती. जुन्या मास्टर सिलिंडरला ओळीत थोडा दाब राखून ठेवायची सवय. ड्रमला ती चालत असे. डिस्कचा चिमटा मात्र सुटेचना, चाकं तापू लागली. शेवटी सिलिंडरही बदलला आणि बूस्टरही बसवला. गाडी ताब्यात देताना मिस्त्री म्हणाले, "साहेब, ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवतात टायर. तेवढं ध्यानात ठेवा."

मी ठेवलं नाही. पंधरा दिवसांत मी चाळीसवरून साठवर गेलो. पुढच्या गाडीच्या इतका जवळ जाऊ लागलो की तिच्या मागच्या सीटवरची माणसं ओळखीची वाटू लागली. सौ. म्हणाली, "तुम्ही हल्ली फार जोरात नेता." मी म्हणालो, "डिस्क आहेत!"

पुढे वाचनात आलं की, १९८० नंतर म्युनिकमध्ये एका ताफ्यातल्या काही टॅक्सींना चाक अडकू न देणारे नवे एबीएस ब्रेक बसवले आणि काहींना नाही. अपघात कमी झालेच नाहीत. ब्रेक सुधारले तसे चालक धीट झाले. वाचून मला घाम फुटला. म्हणजे इतकी वर्षं मी सावकाश चालवत होतो, तो शहाणपणा माझा नव्हताच. तो ड्रमचा होता आणि मिस्त्रींनी तो ड्रमबरोबर भंगारात घातला. दात पडलेल्या माणसानं सुपारी सोडली तर त्याला निर्व्यसनी म्हणायचं का?

मग मनात आलं, वडिलांचाही सज्जनपणा असाच तर नव्हता? पण लगेच आठवलं. शेवटच्या वर्षांत ते धाकट्याची नवी गाडी चालवत, पुढे डिस्क असलेली. तीही ते अर्ध्या फर्लांगावरून थांबवायला घेत आणि मागचे हॉर्न वाजवून दमत. तेव्हा आम्ही हसत होतो. म्हणजे त्यांचा शहाणपणा त्यांचा स्वतःचा होता. प्रश्न उरला तो फक्त माझ्याबद्दल.

तो सोडवायला सवड मिळायच्या आत सिंहगड रोडवर एक कुत्रं आडवं आलं. मी पेडल दाबलं. गाडी जागच्या जागी उभी! कुत्रं वाचलं, मी प्रसन्न झालो, आणि मागून धाड्कन आवाज आला. अंडीवाला होता. स्कूटरवर सहा ट्रे, म्हणजे एकशे ऐंशी अंडी. देवाच्या दयेनं त्याला खरचटलंही नव्हतं.

"असं कुणी थांबतं का?" तो ओरडला.

"अंतर ठेवायला नको?" मी म्हणालो. कायदा माझ्या बाजूचा होता.

"ठेवलं होतं की! फियाट बघूनच ठेवलं होतं. आमच्या काकांची टॅक्सी होती. फियाट कधी थांबते ते मला शिकवू नका!"

यावर मला उत्तर सुचेना. त्यानं माझ्या गाडीच्या तोंडाकडे पाहून विश्वास टाकला होता आणि मी आतून बदललो होतो. आम्ही दोघांनी रस्त्याच्या कडेला बसून अंडी मोजली. एकशे बारा फुटली होती. मी छप्पन्न अंड्यांचे पैसे दिले. सौ. नं विचारलं, "निम्मेच का?" त्याचा हिशेब मला अजून नीट मांडता आलेला नाही.

त्याच संध्याकाळी पेंटरला बोलावून गाडीच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'डिस्क ब्रेक. अंतर ठेवा.' सौ. बाहेर आली, कमरेवर हात ठेवून वाचलं आणि पेंटरला म्हणाली, "हेच आतही लिहा. स्टिअरिंगसमोर."

त्याचे त्यानं वेगळे पैसे मागितले.