श्रेय आणि जबाबदारी

जो मनुष्य आयुष्यभर दुसऱ्याच्या कृतीसाठींच राबतो, त्यानें आपलें असें काय म्हणावें? भाषांतरकार, साथीचा तबलजी, नाटकाचे पडदे रंगविणारा चितारी, या सर्वांना हा प्रश्न केव्हांना केव्हां तरी पडत असला पाहिजे. परंतु आमच्या मतें तो अत्यंत तीव्र स्वरूपांत ज्याच्यापुढें उभा राहतो, तो म्हणजे गाण्याची चित्रफीत, अर्थात् ज्यास आज जगभर म्युझिक व्हिडिओ म्हणतात ती, तयार करणारा दिग्दर्शक होय.

त्याची स्थिति मोठी चमत्कारिक आहे. गाणें एकानें रचिलेलें, दुसऱ्यानें गायिलेलें; पैसा ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपनीचा; आणि तयार झालेल्या चित्रफितीची मालकीहि बहुधा तिचीच. मिळतात तीं तीन-चार मिनिटें, आणि तींहि परक्या सुरांनीं आधींच मोजून ठेविलेलीं. अमेरिकेंत १ ऑगस्ट १९८१ रोजीं एम्. टी. व्ही. ही वाहिनी सुरू झाली, तेव्हां तिनें प्रथम दाखविलेली चित्रफीत रसेल मल्केही या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकानें १९७९ सालीं केलेली होती. तिच्यासोबत गायकांचें नांव आलें, गाण्याचें आलें. मल्केहीचें आलें नाहीं. गायकाच्या नांवाशेजारीं दिग्दर्शकाचेंहि नांव दाखविण्याचा परिपाठ त्या वाहिनीनें घातला तो १९९२ सालीं. म्हणजे सुमारें अकरा वर्षें लक्षावधि लोकांनीं ज्यांचें काम रोज पाहिलें, त्यांचें नांव त्यांस ठाऊक नव्हतें.

या धंद्याविषयीं सुशिक्षितांत दोन मतें आढळतात. एक असें कीं, ही सारी जाहिरात आहे; गाणें खपावें म्हणून केलेल्या कामांत कला कसली? दुसरें मत अधिक सौम्य, पण तितकेंच अन्यायाचें आहे. त्याप्रमाणें चित्रफीत ही मोठ्या चित्रपटाकडे नेणारी शिडी होय. डेव्हिड फिंचर यानें मॅडोना या गायिकेच्या चित्रफिती केल्या आणि १९९२ पासून तो चित्रपटांकडे वळला, हें उदाहरण त्यासाठीं नेहमीं पुढें केलें जातें.

यांपैकीं पहिल्या मताला फार वेळ देण्याचें कारण नाहीं. मोल घेऊन केलेलें काम तेवढ्यानेंच हीन ठरत असेल, तर देवळांतील मूर्ति घडविणारे कारागीरहि मजुरीच घेत होते, हें आठवावें. शिडीच्या मताचा दोष मात्र सूक्ष्म आहे. कर्त्याला एखाद्या कामानें पुढें कोठें नेलें यावरून त्या कामाची योग्यता ठरविणें म्हणजे फळावरून कर्माची किंमत करणें होय. शिवाय अनुभवहि त्या मताला साक्ष देत नाहीं. मार्क रोमानेक या अमेरिकन दिग्दर्शकानें १९८५ सालींच एक पूर्ण लांबीचा चित्रपट केला होता. नंतर तो चित्रफितींकडे वळला. २००२ सालीं त्याचा दुसरा एक चित्रपट आला. आणि त्यानंतर, २००३ सालीं, ज्या चित्रफितीमुळें त्याचें नांव विशेष आदरानें घेतलें जातें ती त्यानें केली. शिडी चढून गेलेला मनुष्य खालच्या पायरीवर आपलें उत्तम काम करावयास परत कशाला येईल?

येथें एक तिसराच पक्ष पुढें येतो, आणि तो आम्हांस अधिक विचारार्ह वाटतो. तो म्हणतो, नांवाचा एवढा हव्यास कशाला? प्रभात कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटासाठीं शांताराम आठवले यांनीं एक नवा अभंग रचिला. तो इतका साधला कीं, पुष्कळ लोक त्यास तुकोबांचाच समजून चालले. कर्ता कृतींत विरून गेला, यापेक्षां मोठी पावती ती कोणती?

या म्हणण्यांतील सौंदर्य आम्हांस मान्य आहे. पण स्वतः होऊन विरून जाणें निराळें आणि दुसऱ्यानें पुसून टाकणें निराळें. पहिल्यांत नम्रता आहे. दुसऱ्यांत केवळ व्यापाऱ्याची सोय आहे. याहून महत्त्वाचें असें कीं, नांव हें निव्वळ बक्षीस नव्हे. तें जामीनहि आहे. कृतीवर सही करणारा मनुष्य ‘याचें भलें-बुरें मला विचारा’ असें जगाला सांगत असतो.

१९८९ सालचें एक प्रकरण या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. मॅडोनाच्या ‘लाइक अ प्रेअर’ या गाण्याची चित्रफीत मेरी लँबर्ट या बाईंनीं दिग्दर्शित केली. तींत जळत्या क्रुसांचीं दृश्यें होतीं. धार्मिक मंडळींनीं मोठा गहजब केला. आणि पेप्सी कंपनीनें त्याच गाण्यावर केलेली आपली जाहिरात मागें घेतली. हें सारें वादळ गायिकेच्या डोक्यावर फुटलें. ज्या बाईंनीं तीं दृश्यें रचिलीं, त्यांना त्यांचा अर्थ विचारावा असें फारच थोड्यांना वाटलें. त्यांत लँबर्टबाईंचा कांहींच अपराध नव्हता. व्यवस्थाच तशी होती. श्रेय नाहीं तर दोषहि नाहीं, हा सौदा वरवर सोयीचा दिसतो. परंतु ज्याला आपण दोषहि देऊं इच्छीत नाहीं, त्याला आपण माणूस समजत नसून हत्यार समजत असतों. कुऱ्हाडीवर कोणी खटला भरीत नाहीं. पण म्हणून कुऱ्हाडीचा कोणी सन्मानहि करीत नाहीं.

तर मग या दिग्दर्शकाची जबाबदारी कोणाशीं? पैसे देणाराशीं ती आहेच. पण तेवढीच नाहीं. १९९० सालीं शिनेड ओकॉनर या आयरिश गायिकेनें प्रिन्स यानें रचिलेलें एक विरहगीत गायिलें. जॉन मेबरी या दिग्दर्शकानें पॅरिसमधील एका उद्यानांतहि चित्रण केलें होतें. तरी अखेर बहुतेक वेळ पडद्यावर ठेविला तो केवळ तिचा चेहरा. गातां गातां तिच्या डोळ्यांतून अश्रु ओघळले. आपल्या आईच्या आठवणीनें ते आले, असें तिनें मागाहून सांगितलें. त्यांतील शब्द प्रिन्सचे, दुःख ओकॉनरचें, मेबरीचें काय? मध्यें न येण्याचा विवेक, हें मेबरीचें. हा विवेक कमी मोलाचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

रोमानेकच्या ज्या चित्रफितीचा वर उल्लेख केला, तींत ही परीक्षा अधिक कठीण होती. ‘हर्ट’ हें गाणें ट्रेंट रेझनर यानें रचून १९९४ सालीं प्रसिद्ध केलें होतें; तें जॉनी कॅश या वृद्ध गायकानें २००२ सालीं पुन्हां गायिलें. रोमानेकनें टेनेसी संस्थानांतील हेंडरसनव्हिल येथें कॅशच्याच नांवाच्या, बंद पडून मोडकळीस आलेल्या संग्रहालयांत चित्रण केलें. आणि सत्तरीच्या घरांतला, आजारी, हात थरथरणारा कॅश त्याच्या तारुण्यांतील जुन्या चित्रणाशेजारीं ठेविला. कॅशची पत्नी जून चित्रफितीत दिसते. ती त्याच वर्षीं मे महिन्यांत वारली, आणि सप्टेंबरांत कॅशहि गेला.

म्हाताऱ्या माणसाचें जर्जरपण असें जगापुढें मांडणें योग्य आहे काय? त्याची संमति होती, एवढेंच उत्तर आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. थकलेल्या माणसाची संमति मिळविणें अवघड नसतें. खरें उत्तर कृतींतच शोधलें पाहिजे. गाणें स्वतःच पश्चात्तापाचें व क्षयाचें आहे. मोडकें संग्रहालय हा उभारलेला देखावा नसून खरी जागा आहे. आणि कॅश तेथें दयेचा विषय होऊन बसत नाहीं, आपल्या आयुष्याचा हिशेब सांगणारा म्हणून बसतो. ज्याचें दौर्बल्य दाखविलें त्याचा मान त्यामुळें वाढला कीं घटला, ही आमच्या मतें कसोटी आहे. आणि येथें तो वाढला.

पण याची किंमत कोणी तरी दिलीच. चित्रफीत पाहिल्यावर तें गाणें आतां आपलें राहिलें नाहीं असें वाटल्याचें रेझनरनें स्वतः सांगितलें आहे. ज्या रोमानेकनें १९९४ सालीं रेझनरच्याच एका गाण्याची चित्रफीत केली होती, त्याच्याच हातून हें घडलें. श्रोत्यांचेंहि तसेंच झालें. आतां डोळे मिटून हें गाणें ऐकलें तरी तो वृद्ध चेहरा समोर येतोच. प्रत्येकाच्या मनांत गाण्याचें जें स्वतःचें चित्र असतें, तें पुसून हा मनुष्य आपलें चित्र तेथें ठेवितो. एवढी सत्ता ज्याच्या हातीं आहे, त्यास निनांवी ठेवणें हा त्याच्यावर अन्याय आहेच. पण तो आपणां सर्वांवरहि आहे, कारण आपल्या कल्पनेंतून काय गेलें याचा जाब आपण मग कोणास विचारावा?

म्हणून प्रारंभींच्या प्रश्नाला आमचें उत्तर असें: गाणें त्याचें नव्हे, पैसा त्याचा नव्हे, मालकी त्याची नव्हे, परंतु त्या गाण्याचें, गाणाराचें आणि ऐकणाराचें त्यानें काय केलें, त्याची जबाबदारी मात्र संपूर्ण त्याची आहे, आणि श्रेयावरील त्याचा हक्क तिच्यांतूनच उत्पन्न होतो. आज हीं गाणीं लोक हातांतल्या फोनवर पाहतात. तेथें दिग्दर्शकाचें नांव बहुधा शोधून काढावें लागतें. रसिकांनीं तें शोधावें. आवडल्यास त्या नांवानिशीं स्तुति करावी, आणि न आवडल्यास दोषहि त्याच नांवाला द्यावा.