कर्ता आणि मालक

कुटुंबाच्या मालकीची पेढी बरी की भागधारकांच्या मालकीची कंपनी बरी, हा प्रश्न अर्थशास्त्री नफ्यातोट्याच्या हिशेबाने सोडवतात, आणि ते त्यांच्या जागी योग्यच आहे. परंतु ज्या समाजाने ममत्वाला बंधनाचे मूळ मानले आणि त्याच वेळी गृहस्थाश्रमाला इतर तिन्ही आश्रमांचा आधार म्हटले, त्या समाजात हा प्रश्न आधी धर्माचा आहे, व्यवहाराचा मागाहून. ‘हे माझे’ या भावनेने मनुष्य वस्तूचे रक्षण करतो, की तिच्याभोवती कुंपण घालून इतरांना बाहेर ठेवतो? गोंदिया जिल्ह्यात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे मानतात, आणि भोवतालच्या एका डोंगरमाथ्यावर आज त्याची कोलासुर देव म्हणून पूजा होते. बांध घालणाऱ्या पुरुषाला लोकांनी देवपण दिले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण ज्या कामाचे फळ बांधणाऱ्याच्या हयातीत पुरते हाती येत नाही, ते नातवापणतवांचा विचार करणाराच अंगावर घेतो. असे तलाव पुढे मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात होते. 1950 च्या कायद्याने ही मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाने दप्तरात चढले, आणि त्यांपैकी पुष्कळ गाळाने भरत गेले. मालगुजारी गेली हे न्याय्यच झाले, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नाही. परंतु मध्यरात्री पाळ खचू लागली तर कंदील घेऊन कोणी धावायचे, याची तजवीज त्या कायद्यात नव्हती.

पुढच्या पिढ्यांचा विचार करून काम अंगावर घेण्याची तीच चिकाटी इथल्या धानगिरण्यांत आढळते. सरकारी धानाची भरडाई घेतली की क्विंटलमागे 67 किलो तांदूळ परत करावा लागतो. धानाला ओल कमी-अधिक झाली की हिशेब कोलमडतो, म्हणून घरचा वडीलधारा पोत्यातली मूठभर साळ तळहातावर चोळून, दाणा दाताखाली फोडून पाहिल्याखेरीज गाडी उतरवून घेत नाही. दोन हंगाम वाईट गेले तर पगारी व्यवस्थापक दुसरी नोकरी धरील, कुटुंब मात्र दागिने तारण ठेवून तिसऱ्या हंगामाची वाट पाहते. मात्र याच ममत्वापायी तीस वर्षे इमानेइतबारे राबलेला मुनीम अखेरपर्यंत मुनीमच राहतो, कुवत नसलेला मुलगा जन्माच्या बळावर गादीवर बसतो, आणि भावाभावांच्या वाटणीत चालती गिरणी बंद पडते.

आपल्या धर्मशास्त्राने या गुंत्याचा विचार केला नव्हता असे नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली आणि वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो असे प्रतिपादन केले. बंगालच्या दायभागाने ते मान्य केले नाही. या सिद्धांताचा परिणाम दूरगामी आहे. घरातला थोरला पुरुष तिथे धनी उरत नाही, केवळ कर्ता ठरतो. कुटुंबाची निकड किंवा हित असल्याखेरीज त्याला ती मिळकत विकता येत नाही, कारण अद्याप न जन्मलेल्यांचाही तिच्याशी संबंध आहे. मिळकत आपली न मानता इतरांसाठी सांभाळायची, या विश्वस्तवृत्तीचे मूळ गांधीजींना ईशोपनिषदात दिसले. मला तिचे बीज या रूक्ष दायविचारातही दिसते. शिवाय हक्कदारांचे हे वर्तुळ कायमचे आखलेले नाही: महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली मुलीला जन्मतः सहदायिक मानले, आणि जे शतकानुशतके अशक्य वाटत होते ते कायद्याच्या दुरुस्तीने घडले.

मग ते वर्तुळ रक्ताच्या नात्यापाशीच का थांबावे? विडी-तंबाखूच्या धंद्यातून पुढे आलेल्या मनोहरभाई पटेलांनी (1906–1970) 1958 साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि ज्या मुलुखात उच्च शिक्षण दुर्मिळ होते तिथे ते आणले. व्यापारी घराण्याचे ममत्व घराबाहेर पसरू शकते याचे हे ठसठशीत उदाहरण आहे. परंतु दानाच्याही आधीची एक पायरी असते, आणि तिच्याविषयीचा माझा प्रश्न कोणा एका पेढीला नाही, अवघ्या विडीधंद्याला आहे. ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई भिजवलेले तेंदूचे पान पत्रा ठेवून कापते, चिमूटभर तंबाखू पसरून वळते, टोक दुमडून दोरा गुंडाळते. संध्याकाळी कट्टे ठेकेदारापुढे मांडले की त्यातल्या काही विड्या तो ‘छाट’ म्हणून बाजूला सारतो, त्यांची मजुरी बुडते, आणि पान-तंबाखू कमी भरली तर तिची भरपाईही तिलाच करावी लागते. लक्ष्मीपूजनाला ‘श्री’ लिहून उघडलेल्या चोपडीत या बाईचे नाव कधी नव्हतेच. ते असलेच तर ठेकेदाराच्या वहीत. घरी बसून विडी वळणारीही कामगारच आहे, हे 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने स्पष्ट केले. न जन्मलेल्या नातवाचा हक्क मान्य करणाऱ्या परंपरेतल्या कर्त्याला, आपल्या हयातीत आपल्यासाठी हात चालवणारी ही स्त्री ओळखण्यासाठी संसदेची वाट पाहावी लागली, हे मला आजही जाचते.