शब्द कोणाचा?

दर वर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. नाशिककरांना या दिवसाचे अप्रूप अंमळ अधिक, कारण कविवर्यांचे वास्तव्य याच नगरीत होते. व्याख्याने होतात, ग्रंथदिंड्या निघतात, मायबोलीची थोरवी गायिली जाते. या सोहळ्यात एका मराठी माणसाची आठवण मात्र सहसा कोणाला होत नाही. काल-परवापर्यंत तो याच भाषेत भांडत होता, हिशेब करीत होता, नातवंडांना गोष्टी सांगत होता. आणि एका पहाटे अर्धांगवायूच्या झटक्याने त्याची भाषाच हिरावून नेली. अशा झटक्यातून वाचलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना कमीअधिक प्रमाणात हा अनुभव येतो. वैद्यकशास्त्र त्याला वाचाघात असे नाव देते.

वाचाघात झालेला माणूस वेडा नसतो आणि बहुधा मुकाही नसतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने लबोर्न नावाच्या एका रुग्णाला तपासले. वर्षानुवर्षे हा मनुष्य 'तान' या एकाच अक्षरसमूहापलीकडे फारसे काही बोलू शकत नव्हता. परंतु विचारलेले त्याला बरेचसे कळे, आणि हातवाऱ्यांनी तो उत्तरही देई. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकाने मेंदूच्या डाव्या भागातील इजा दाखवून दिली आणि विज्ञानाचे एक नवे दालन उघडले. परंतु पुढे बहुतेक ग्रंथांनी त्या रुग्णाचा उल्लेख 'तान' असाच केला. जो एकच शब्द त्याच्यापाशी उरला होता, तोच त्याचे नाव ठरला. भाषा गमावलेल्या माणसाचे काय होते, हे यात पुरते आले. त्याच्याविषयी सारे बोलतात. त्याच्याशी बोलणारे थोडे.

कुटुंबीयांना चकवणारी आणखी एक गोष्ट आहे. ज्याला 'पाणी' हा शब्द सापडत नाही, तोच माणूस संध्याकाळी रोझरीच्या वेळी 'नमो मरिया' अडखळल्याविना म्हणू शकतो. पाठ असलेली प्रार्थना, गाणे, आकड्यांची उजळणी, रागाच्या भरातील एखादी शिवी हे सारे मेंदू निराळ्या वाटेने बाहेर आणू शकतो. मनातला नवा विचार शब्दांत गुंफणे हे त्याहून वेगळे काम आहे. घरच्यांना मात्र वाटते, प्रार्थना येते, मग बोलायला काय झाले? हट्टीपणाच हा! अज्ञानातून घडणारा हा अन्याय अनेक घरांत निमूटपणे सोसला जातो.

आपल्या कायद्यालाही या माणसाची ओळख पटायला वेळ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार सांगितले होते. त्यांत वाचा आणि भाषा यांचे अपंगत्व स्वतंत्रपणे नव्हते. २०१६ च्या कायद्याने प्रकारांची संख्या एकवीस केली. त्यांत वाचा-भाषा अपंगत्वाला स्थान मिळाले, आणि त्याची व्याख्या करताना वाचाघाताचा नामोल्लेख झाला. नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ वाचा-श्रवणशास्त्राचेही शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांना संलग्न करून घेते. म्हणजे कायदा आहे, शास्त्र आहे, आणि आता यंत्रेही आली आहेत. चित्रांवर बोट ठेवताच बोलणारी पाटी आज साध्या मोबाइल फोनवर उतरली आहे. प्रश्न उरतो तो नीतीचा: त्या पाटीवर कोणते शब्द असावेत, हे कोणी ठरवायचे?

या प्रश्नाची एक विलक्षण कथा आहे. चार्ल्स ब्लिस हा ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेला ज्यू अभियंता. दाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांतून तो वाचला, शांघायला गेला आणि अखेर ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला. शब्दांचा दुरुपयोग करून हुकूमशहा माणसांना भडकावतात, हे त्याने पाहिले होते. म्हणून सर्व मानवजातीसाठी चित्रचिन्हांची एक निर्मळ भाषा त्याने रचली आणि १९४९ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जगाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुढे १९७१ साली कॅनडातील टोरोंटोच्या एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन या शिक्षिकेला ती सापडली. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्यांना बोलता येत नव्हते, अशी मुले त्या चिन्हांवर बोट ठेवून प्रथमच मनातले सांगू लागली. ब्लिसला अत्यानंद झाला.

परंतु मुलांना जे सांगायचे होते, त्यासाठी शिक्षिका चिन्हांत फेरफार करू लागल्या. चिन्हांच्या आधाराने मुले इंग्रजी वाचायला शिकू लागली. ब्लिसच्या मते हा भ्रष्टाचार होता. त्याच्या परिपूर्ण भाषेचा वापर पांगळ्या इंग्रजीच्या पायरीसारखा व्हावा, हे त्याला साहवेना. तक्रारी, धमक्या आणि कायदेशीर कज्जे वर्षानुवर्षे चालले. अखेर १९८२ मध्ये मोठी रक्कम देऊन तडजोड करण्यात आली आणि मुलांची चिन्हे मुलांकडे राहिली.

ब्लिस दुष्ट नव्हता, म्हणूनच त्याची कथा आपल्याला अंतर्मुख करते. त्याने छळ सोसला होता आणि त्याचा हेतू उदात्त होता. त्याचे चुकले एवढेच की, दिलेली वस्तू दिल्यानंतरही आपलीच आहे असे त्याने मानले. परंतु भाषा ही अशी देणगी आहे की, घेणारा ती मोडून-वाकवून वापरू लागतो तेव्हाच ती खऱ्या अर्थाने पोचलेली असते. आपण मुलाला भाषा शिकवतो, आणि एके दिवशी तो त्याच भाषेत आपल्याला 'नाही' म्हणतो. त्या दिवशी आपले शिकवणे पूर्ण होते.

आपल्या देशातील प्रयत्नांकडे या दृष्टीने पाहावे. मुंबईत १९७२ साली मिथू अलूर यांनी मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलांसाठी संस्था काढली, ती आपल्या कन्येच्या शिक्षणाच्या ध्यासातून. ती कन्या मालिनी चिब. त्यांची भाषा शाबूत, अडथळा स्नायूंचा. एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र २०११ साली प्रसिद्ध झाले. चेन्नईत 'विद्यासागर' संस्थेच्या सहवासात अजित नारायणन यांनी 'आवाज' हे साधन घडवले, कारण परदेशी यंत्रांच्या किमती सामान्य घरांच्या आवाक्याबाहेर होत्या. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या आराखडा-शास्त्राच्या विभागात रवी पूवैया यांच्या मार्गदर्शनाखाली 'जेलो' हे विनामूल्य चित्रसाधन तयार झाले. ते मराठीतही बोलते.

मराठीत बोलते, हे चार अक्षरांत सांगून झाले. परंतु त्यामागचे काम सोपे नसते. इंग्रजी पाटीवर 'आंटी'चे एक चित्र पुरते. आपल्या घरात मावशी निराळी, आत्या निराळी, काकू आणि मामी निराळ्या. त्या चौघींना एकाच चौकटीत बसवले तर घरात रुसवेफुगवे ठरलेले! इंग्रजीत 'मी जातो' आणि 'मी जाते' यांत भेद नाही. मराठी यंत्राला तो करावाच लागतो, नाहीतर आजीच्या तोंडी पुरुषाचे क्रियापद येते. आईला 'तू' आणि सासऱ्यांना 'तुम्ही' हे ज्या यंत्राला कळत नाही, ते सुनेच्या वतीने बोलू लागले तर तिची अब्रूच काढील. भाकरी, वरणभात, बाळ येशूची यात्रा यांची चित्रे कुठल्याही परदेशी संचात सापडणार नाहीत. तज्ज्ञाला हे एकट्याने सुचणे कठीण. जो वापरणार आहे, त्याच्याजवळ बसूनच हे उमगते.

येथे वाचक एक रास्त शंका काढील. ज्याला भाषाच नाही, त्याला विचारायचे तरी कसे? सल्लामसलत म्हणजे प्रश्न आणि उत्तरे, आणि नेमकी तीच त्याला जड. त्यापेक्षा त्याच्या आईला किंवा पत्नीला विचारले तर? वीस वर्षे ती त्याची नजर वाचत आली आहे.

या शंकेत तथ्य आहे. त्या माउलीचे ज्ञान कोणत्याही पदवीपेक्षा मोलाचे. परंतु ती त्याच्या जीवनाची साक्षीदार आहे, मालकीण नव्हे. सेवा करणाऱ्याला त्याच्या ज्या गरजा दिसतात, त्या बहुधा सेवेच्याच असतात: तहान, भूक, औषध, लघवी. म्हणून घरच्यांनी केलेल्या पाटीवर ही चित्रे हमखास आढळतात. 'मला तुझा राग आला आहे', 'ही जमीन विकू नका', 'मला एकटे राहू दे', 'काल चर्चमध्ये काय गंमत झाली?' ही वाक्ये तिथे क्वचितच सापडतात. माणूस मात्र याच वाक्यांत वसतो.

शिवाय विचारण्याचे मार्ग आहेत. लंडनच्या सिटी विद्यापीठातील संशोधकांनी वाचाघात झालेल्या व्यक्तींनाच सल्लागार म्हणून सोबत घेऊन साधने रचली. अशा कामात लांबलचक प्रश्न विचारीत नाहीत; वस्तू हातात देतात, कच्चे नमुने वापरून पाहू देतात, दोन चित्रे समोर ठेवून निवड करायला सांगतात. एका वेळी एकच गोष्ट, आणि उत्तरासाठी भरपूर अवकाश. 'हो' म्हणताना चुकून 'नाही' निघते, हे ठाऊक असल्याने प्रश्न उलटून पुन्हा विचारतात. वेळ लागतो. पण हा वेळ म्हणजे त्या माणसाला दिलेला मानच होय.

ही सावधगिरी का हवी, याचा एक कटू दाखला आहे. १९९० नंतर अमेरिकेत एका पद्धतीचा मोठा गाजावाजा झाला. न बोलणाऱ्या व्यक्तीचा हात साहाय्यकाने धरायचा आणि तिच्याकडून अक्षरफलकावर टंकून घ्यायचे. मुकी समजली गेलेली मुले सुंदर वाक्ये लिहू लागली. आईबापांच्या डोळ्यांत पाणी आले. मग साहाय्यकाला एक चित्र आणि मुलाला दुसरे चित्र दाखवून चाचण्या घेण्यात आल्या. उमटले ते साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचे नाव. शब्द मुलांचे नव्हतेच. नकळत ते साहाय्यकांचेच होते. १९९४ साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. त्या साहाय्यकांनी फसवले ते मुख्यतः स्वतःलाच, आणि तेही प्रेमापोटी. आज अर्धे वाक्य पाहून उरलेले स्वतःच पुरे करणारी यंत्रे आली आहेत. त्यांचे वाक्य सफाईदार असेल; पण त्या माणसाला तेच म्हणायचे होते का? म्हणून मला वाटते की, अशा प्रत्येक साधनावर 'नाही', 'तसे नाही' आणि 'मला दुसरेच काही सांगायचे आहे' ही तीन बटणे सर्वांत मोठी असावीत. ज्या पाटीवरून नकार देता येत नाही, तिच्यावरून आलेल्या होकाराला काय किंमत?

हा विषय आपल्या श्रद्धेला परका नाही. शुभवर्तमानातील जखऱ्याची वाचा गेली होती. बाळाचे नाव बापावरून ठेवण्याचे नातलगांनी परस्पर ठरवले. आईचा विरोधही त्यांनी पुरेसा मानला नाही. शेवटी त्यांनी खुणांनी त्याला विचारले, त्याने पाटी मागून घेतली, आणि सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध 'योहान' हे नाव लिहिले. आंधळा बार्तीमय समोर उभा असताना प्रभू येशूने त्याची गरज गृहीत धरली नाही. तुला काय हवे, असे त्यालाच विचारले. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतही हा विवेक दिसतो. ज्यांना बोलता येत नाही, त्यांना विवाहाची संमती शब्दांशी तुल्य अशा खुणांनी देता येते, असे कलम ११०४ सांगते. कलम ९९० नुसार दुभाष्याच्या मदतीने पापनिवेदन करण्याची मुभा आहे, आणि त्या दुभाष्यावर गुप्ततेचे बंधन आहे. खूण हाही पुरता शब्द आहे, आणि तो बोलणाऱ्याच्या मालकीचा आहे, हे तत्त्व येथे मान्य झालेले आहे.

मग धर्मग्रामात आपण काय करतो? वाचाघात झालेल्या गृहस्थाच्या घरी गेल्यावर 'काय म्हणतात हे?' असा प्रश्न त्याच्या देखत त्याच्या पत्नीला विचारतो. न बोलणाऱ्या मुलीला प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराच्या वर्गात मागच्या बाकावर बसवतो. मालमत्तेच्या कागदावर अंगठा घेताना कागदातील मजकूर समजावून सांगण्याची तसदी घेत नाही. यांतले काहीही सुधारायला यंत्र लागत नाही. प्रार्थना, संस्कार, सण, नाती, तक्रार आणि विनोद यांच्या चित्रांची एक वही वापरणाऱ्यांनाच सोबत बसवून करता येईल. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत त्यांच्यापैकी एकाला जागा देता येईल. बैठक लांबेल, हे खरे.

मोठमोठी यंत्रे यायची तेव्हा येवोत. ती आली तरी समोरच्या माणसाने वाट पाहायचे नाकारले, तर त्यांतून शब्द उमटणार नाही. भाषा गमावलेला माणूस आपल्याकडे दयेआधी काही मागत असेल, तर ते एवढेच: आपल्या घाईतले थोडे क्षण, आणि त्या क्षणांत त्याचे वाक्य आपण पुरे न करण्याचा संयम.