मागच्या सीटसाठी

आकुर्डीच्या बजाज कारखान्याची चेतक स्कूटर १९७२ मध्ये रस्त्यावर आली. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. पिंपरी-चिंचवडमधल्या कितीतरी कामगारांचा संसार याच स्कूटरवर फिरला: पुढे उभं राहिलेलं मूल, मागे पिशवी सांभाळत बसलेली पत्नी.

आज अशी एखादी चेतक सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गंजत असते. लग्नाच्या वाढदिवसाला पत्नीला न सांगता ती स्कूटर चालू करायची, असं एखाद्याच्या मनात येतं. चाकणच्या कारखान्यातली शिफ्ट सुटली की तो गॅरेज गाठतो. कार्बोरेटर उघडून जेट साफ होतो, सायलेन्सरमधला कार्बन निघतो, क्लच आणि गिअरच्या केबली बदलल्या जातात. पत्र्याचा गंज घासून प्रायमर, मग रंग. आरटीओत नोंदणीचं नूतनीकरणही असतंच.

पण खरं काम मागच्या सीटचं. पत्नीला कोणता रंग आवडायचा? आता तिच्या गुडघ्यांना एवढं चढणं झेपेल का? धरायला दांडी घट्ट आहे ना? हे प्रश्न मेकॅनिक सोडवत नाही. त्यासाठी जोडीदाराकडे नव्याने पाहावं लागतं. भेटीचं मोल त्या पाहण्यात आहे; चकाकी नंतरची.

आपल्याकडे जुनी गाडी नसेलही. पण जोडीदार कधीपासून निमूट चालवून घेतोय, अशी एखादी गैरसोय घरात नक्की असेल. ती ओळखा, आणि न सांगता दुरुस्तीला आजच हात घाला.