समोरचा संघ बळकट असो

सामन्यांचे वेळापत्रक हाती आले की फुटबॉलवेड्या माणसाची आकडेमोड सुरू होते. मी एफसी गोवाचा समर्थक. पुढच्या सामन्यांची यादी पाहिली की माझीही बोटे गुण मोजू लागतात. फातोर्ड्यात, म्हणजे घरच्या मैदानावर, पूर्ण तीन गुण हवेतच. कोलकात्याहून एक आणला तरी चालेल. यात वावगे काही नाही. आपल्या संघाने जिंकावे असे ज्याला वाटत नाही, तो समर्थक कसला?

पण या हिशेबात नकळत एक हातचा धरला जातो. ‘त्यांचा मुख्य बचावपटू जायबंदी आहे, बरेच झाले!’ ‘त्यांचे पगार थकलेत म्हणे, खेळात लक्ष कुठून लागणार?’ दुसऱ्याच्या दुखण्यावर आपण आपले गुण मांडतो आणि त्यालाच संघावरचे प्रेम म्हणतो.

गुडघ्याचे लिगामेंट फाटले तर खेळाडूला सहसा सहा ते नऊ महिने मैदानाबाहेर बसावे लागते. फुटबॉलपटूची कमावती वर्षे मुळातच थोडी. त्यातले एक असे गेले, तर करार हातचा जाऊ शकतो आणि झळ सगळ्या घराला बसते. जर्सीचा रंग वेगळा आहे एवढ्यावरून त्या घराच्या काळजीत आपल्याला आनंद वाटत असेल, तर तो आनंद तपासून पाहायला हवा.

आणि त्यात आपला फायदा तरी कुठे आहे? गोव्याचाच इतिहास पाहा. २००६-०७ ते २०१२-१३ अशा सलग सात हंगामांत राष्ट्रीय लीगचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपोने ते चारदा मिळवले, चर्चिल ब्रदर्सने दोनदा, साळगावकरने एकदा. तिघेही एकमेकांचे कडवे प्रतिस्पर्धी. तालमीत तोलामोलाचा जोडीदार असला की पैलवानाचा कस वाढतो, तसे या संघांनी एकमेकांना घडवले. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा याच राष्ट्रीय लीगमधून, म्हणजे आय-लीगमधून, बाहेर पडले. प्रतिस्पर्धी कमी झाले, पण जिंकले कुणीच नाही. गोव्याचे संघ देशाच्या लीगमध्ये आपसात भिडायचे, ती रंगत मात्र आपण कित्येक वर्षे गमावली.

२०२५ ने तर याहून कठोर धडा दिला. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगची आयोजक कंपनी यांच्यातील करार डिसेंबरमध्ये संपणार होता आणि पुढचे काहीच ठरत नव्हते. म्हणून जुलैमध्ये एफसी गोवा खेळतो त्या इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम स्थगित झाला. काही क्लबांनी खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. त्या काळात बंगळूरुचा, कोचीचा आणि आपला समर्थक एकाच चिंतेत होता. समोरचा क्लब बुडाला तर आपणही तरत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळले. लीग चालते ती सर्वांच्या जोरावर. एकट्या विजेत्याला खेळायला कुणी उरत नाही.

वैर किती खोल जाऊ शकते आणि माणूस त्यातून किती वर येऊ शकतो, हे कोलकात्याने दाखवले आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत हिंसाचार उसळला आणि १६ समर्थकांचा जीव गेला. खेळ पाहायला गेलेली माणसे घरी परतली नाहीत. त्याच शहरात ऑगस्ट २०२४ मध्ये, आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीच्या हत्येने लोक रस्त्यावर उतरले असताना, याच दोन संघांमधला ड्युरँड चषकाचा सामना रद्द झाला. तेव्हा दोन्ही संघांचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र जमले आणि त्यांनी एका सुरात न्याय मागितला. त्यांची निष्ठा त्या दिवशी तसूभरही कमी झाली नव्हती. माणुसकीची जागा निष्ठेच्या वर आहे, एवढे त्यांनी ओळखले होते.

खेळातली नीती फक्त खेळाडूंनी आणि पंचांनी पाळायची नसते. गॅलरीत बसणाऱ्याचाही त्यात वाटा आहे, आणि तो सामन्याच्या आधी, मनातल्या इच्छेपासून सुरू होतो. समोरचा संघ दुबळा व्हावा ही इच्छा स्वतःच्या संघावरच अविश्वास दाखवते. तो पूर्ण ताकदीने यावा आणि तरीही आपण जिंकावे, ही इच्छा आपल्या खेळाडूंचा मान वाढवते.

म्हणून माझी प्रत्येक समर्थकाला विनंती आहे. येत्या सामन्यांना जा, घसा बसेपर्यंत ओरडा, आपल्या संघासाठी देवाला साकडेही घाला. मात्र समोरचा खेळाडू जखमी होऊन पडला तर हुर्यो उडवू नका, आणि तो उठला की टाळ्या वाजवा. दूरवरून आलेल्या पाहुण्या समर्थकांना स्टेशनची वाट दाखवा. एवढे केले, तर सामना हरूनही समर्थक म्हणून आपण हरणार नाही.