वखार आणि घर

पुण्याच्या पेठांतील वाड्यात रस्त्याच्या अंगाला दुकान आणि आतल्या चौकाभोवती संसार, अशी मांडणी ज्याच्या डोळ्यांत लहानपणापासून भरलेली आहे, त्याला न्यूझीलंडच्या उत्तरेकडील केरिकेरी येथे, नदी जेथे खाडीला मिळते त्या काठावर, प्रथम जाणवते ते हे की तेथे घर आणि दुकान शेजारी असूनही एका छपराखाली नाहीत, आणि घर लाकडी असून दुकान मात्र दगडी आहे.

होंगी हिका या माओरी सरदाराच्या आश्रयाने 1819 साली तेथे ख्रिस्ती मिशनचे ठाणे बसले. 1821-22 मध्ये उभे राहिलेले त्याचे दुमजली 'केम्प हाउस' ही त्या देशातील सर्वांत जुनी युरोपीय वास्तू होय. आणि 1832 ते 1836 या काळात बांधलेले 'स्टोन स्टोअर' ही सर्वांत जुनी दगडी इमारत. सुरतेच्या इंग्रजांच्या कोठीला आपण लावतो तो 'वखार' हा शब्द तिला तंतोतंत शोभतो. भिंतींना तिथलाच काळसर ज्वालामुखीजन्य दगड, कोपऱ्यांना सिडनीहून गलबताने आणलेला फिकट वालुकाश्म, खिडक्यांना लोखंडी गज. माणसे फळ्यांच्या भिंतीआड निजत, धान्य आणि सामान दगडाआड! याला मी धनलोभ म्हणणार नाही. ज्यांची रसद समुद्रापलीकडून येई, त्यांच्या मनातील टंचाईचे भयच त्या दगडांत चिणलेले आहे.

परंतु बांधकाम पुरे होईतो तिची मूळ निकड ओसरली होती, आणि 1840 नंतरच्या दशकात बिशप सेल्विन यांनी वरच्या मजल्यावर आपला ग्रंथसंग्रह ठेवला. उलट ते लाकडी घर टिकले, कारण 1832 पासून 1974 पर्यंत केम्प घराण्याचा त्यात अखंड राबता होता. वास्तूचे नाव सरकारी दफ्तरात संरक्षित म्हणून दाखल झाल्याने तिला कायद्याचे कवच मिळते, आयुष्य मिळते ते वावराने, असे माझे मत आहे. म्हणूनच या इमारतींलगतचा पूल हटवून 2008 मध्ये रहदारी दुसरीकडे वळवली गेली याइतकेच, वखारीच्या तळमजल्यावर आजही दुकान चालते, याचे मला मोल वाटते.

आमच्या पेठांत वाड्याच्या दुकानाला फळ्या असत. प्रत्येकीवर अनुक्रमांक कोरलेला, आणि रोज सकाळी त्या एकामागून एक खाचेतून निघत. आता कित्येक ठिकाणी उंबऱ्यातील ती खाच तेवढी उरली आहे, धुळीने भरलेली, आणि आतल्या चौकात कोणी राहत नाही.